इथं या नावाचं कोणी नाही

पेढा म्हातारीच्या बोटांत होता आणि माझा हात पुढे होता.

"पूजा ना तुझं नाव?" म्हातारी म्हणाली. "छान काढलंस हो. गाडी उभी आहे तरी पळतेय असं वाटतं. पण सणासुदीला पांढरं का गं घातलंस पोरी?"

मी हसले. खरंच हसले. म्हणाले, "आजी, आज आमचा धम्मदीक्षेचा दिवस. संध्याकाळी विहारात जायचंय."

पेढा थांबला. म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. ओढणीकडे, मग तोंडाकडे. मग तिचा हात वर गेला. वीतभर. तिथून तिनं पेढा सोडला. तो माझ्या तळहाताच्या कडेला लागला आणि खाली पायपुसण्यावर पडला.

"मग पूजा कशाला म्हणवतेस?" ती म्हणाली. "फसवता होय आम्हाला?"

उल्हासनगर, कॅम्प दोन. दसऱ्याची सकाळ. आमच्या गाड्यांच्या स्टिकरच्या दुकानाच्या दारात नवी कोरी जीप, झेंडूच्या माळा घातलेली. म्हातारीचा मुलगा जीपचा मालक. बदलापूरच्या पुढे त्यांची जमीन होती, बरीचशी बिल्डरला गेलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांनी आवाज चढवला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. ते आमच्या शेठला म्हणाले, "शेठ, स्टिकर तुमच्या त्या पोराकडून लावून घ्या. हिनं गाडीला हात नको लावायला. आजच्या दिवस."

आजच्या दिवस. म्हणजे सवलतच दिली.

शेठ मला म्हणाले, "बेटा, तू अंदर जा."

मी वाकून पेढा उचलला आणि आत गेले. का उचलला, सांगता येत नाही. पडलेलं उचलायची सवय. आत काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरला हार घातला होता. मॉनिटरवर कुंकवाची पाच बोटं होती. ती लावायला दुकानातल्या नितीनला बोलावलं होतं. वर्षभर त्या मशीनवर माझी बोटं चालत होती आणि पूजेला नितीनची लागली. हे सकाळीच झालं होतं. तेव्हा मी मनाला समजावलं, की तो जुना आहे दुकानात. माणूस किती समजावतो स्वतःला.

काचेतून मला दिसत होतं. जीपच्या पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत जाणारी लाट. निळी, मग फिकट निळी, मग पांढरी. ती मी काढली होती. नितीन ती दारावर बसवत होता, फडक्यानं घासत होता, आणि अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

मी इथं कशी आले ते सांगते.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो. आप्पा, माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. कारखान्याचं गेट बंद झालं आणि आप्पा एका सोसायटीवर वॉचमन लागले. आई अंबरनाथलाच पॅकिंगच्या कामाला जायची. मी बारावीपर्यंत शिकले. मला रेघ चांगली यायची. एप्रिलमध्ये जयंतीचे फलक आमच्या वस्तीत मीच रंगवायचे. ब्रश धरला की माझा हात कापत नसे. विहारात येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, कॅम्प दोनला गाड्यांच्या स्टिकरचं दुकान आहे, मुली हव्यात.

मुली हव्या होत्या त्या सोलायला. स्टिकरच्या कागदावर मशीन डिझाइन कापतं. मग नको असलेला भाग नखानं, सुईनं ओढून काढायचा. दिवसभर तेच. बोटांची टोकं चिकट, नखं तुटकी. आतल्या केबिनमध्ये ए.सी. होता, कॉम्प्युटर होता. केबिनमध्ये जाताना चपला बाहेर. आम्हा सोलणाऱ्या मुलींना चपला काढूनही आत मनाई.

नितीन तिथला ऑपरेटर. डोंबिवलीचा. क्लास करून आलेला. त्याच्या अक्षरांची कामं चांगली व्हायची. पण गाडीवरची लांब वळणं सोलताना मला कळायचं, कडा उंदरानं कुरतडल्यासारखी आहे. बोटाला लागायचं. जिथं बोटाला लागायचं तिथंच कागद फाटायचा. मी विचार करायचे, मशीन असं अडखळत का कापतं? माझा ब्रश तर अडखळत नाही.

केबिनची काच तेव्हा साधी होती. आरपार दिसायचं. मी सोलायला बसायची जागा बदलून घेतली, काचेच्या बाजूला. नितीन गाडीचा फोटो स्कॅन करायचा, सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, आणि दाराच्या कडेनं टिचक्या मारत जायचा. टिचकी, टिचकी, टिचकी. प्रत्येक टिचकीला एक टिंब. टिंबांची नुसती मुंग्यांसारखी रांग. मशीनचं पातं प्रत्येक टिंबापाशी थबकत होतं. ते माझ्या बोटांना आधी कळलं होतं, डोळ्यांना नंतर दिसलं.

नितीन बहिणीच्या लग्नाला गावी गेला. शेठ एका कस्टमरसमोर अडकले. व्हॅनचं काम होतं, माणूस दारात उभा. मी म्हटलं, "शेठ, मी बघू?"

शेठ वाईट माणूस नव्हते, हे आजही म्हणते. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या सिंधी वळणात म्हणाले, "अडे, बिगाड मत देना."

मी चपला काढल्या. आत गेले. ए.सी.चा गारठा पहिल्यांदा अंगाला लागला. माउस हातात धरला तर बाण पडद्याबाहेर पळायला लागला. हात कापत होता. ब्रश धरणारा माझा हात, कापत होता. मग मी खांदा सैल सोडला. रेघ बोटानं नाही काढायची, खांद्यानं काढायची, हे मी फलक रंगवताना शिकले होते. एक टिंब चाकापाशी ठेवलं. दुसरं थेट मागच्या दारापाशी. मधे काहीच नाही. टिंबाला दोन्ही बाजूंनी दांड्या फुटायच्या. दांडी ओढली की रेघ पोटातून हलकेच फुगायची. ओढलं, सोडलं, परत ओढलं. आणि एकदम ती रेघ बसली. मऊ. पाण्यासारखी. कुठं सांधा नाही.

मशीननं ती एका दमात कापली. मी सोलली. कुठंच अडली नाही.

त्या दिवशी मी घरी चालत नव्हते, तरंगत होते.

नंतर शेठनी मलाच खुर्चीवर बसवलं. नितीन आला तो अक्षरांकडे गेला. मी फोटो साफ करायला शिकले, रंग एकातून दुसऱ्यात विरघळवायला शिकले. दोन दारांच्या फटीत चित्र तुटतं ते फोटोवर आधीच कसं सांधायचं ते शिकले. पुस्तक नव्हतं, सांगणारं कोणी नव्हतं. इंग्रजी शब्द होते, ते मी दाबून दाबून पाहायचे काय होतं ते. बिघडलं की मागे यायचं बटन होतं. तेवढं एक बटन मला फार आवडायचं.

खुर्चीवर बसवलं त्याच दिवशी शेठनी विचारलं होतं, "पूरा नाम क्या है तेरा?"

"संघमित्रा."

"संघ... क्या? अडे, कस्टमर की जुबान टेढी हो जाएगी. पूजा बोल दे. छोटा है, मीठा है."

मला वाटलं, नाव लांब आहे म्हणून. खरंच तेवढंच वाटलं. घरी मी सांगितलंही नाही. आप्पांनी संघमित्रा हे नाव विहारात सगळ्यांना पेढे वाटून ठेवलं होतं. त्यांना काय सांगायचं?

दसऱ्याला कळलं पूजा कशासाठी होती.

जीप गेल्यावर शेठ आत आले. म्हणाले, "दिल पे मत ले बेटा. धंदा है." मग थोडं थांबून म्हणाले, "और वो सफेद कपडा... आगे से ध्यान रखना." म्हणजे चूक माझ्या ओढणीची.

त्या संध्याकाळी मी विहारात गेले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आईनं मला खीर दिली. मी वाटी हातात धरून बसले. वंदनेला सगळ्यांबरोबर उभी राहिले. सकाळचं घरी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर केबिनच्या काचेला काळी फिल्म लागली. गाड्यांना लावतात ती. शेठ म्हणाले, "ए.सी. अच्छा चलेगा." नितीननंच ती लावली. आतून मला बाहेरचं दिसायचं, थोडं काळपट. बाहेरच्यांना मी दिसत नव्हते.

आता नितीन डिझायनर झाला. कस्टमर आला की तो खुर्ची ओढून बसायचा, फोटो घ्यायचा, हो हो म्हणायचा, आणि कागद दाराच्या फटीतून आत सरकवायचा. चहाही तसाच यायचा. मी काढायचे. तो दाखवायचा. मी काचेच्या आतून बघायचे, लोक काय म्हणतात. ओठ हलताना दिसायचे, ए.सी.च्या घरघरीत ऐकू यायचं नाही. हसले तर आवडलं, एवढंच.

कस्टमर बाहेर असला की मला बाहेर यायला मनाई. तोंडानं कोणी बोललं नव्हतं. नितीन नुसता हात दाखवायचा, थांब. संडास दुकानाच्या मागे, आणि जायची वाट दुकानातूनच. मी पाय आवळून बसायचे. पोटात कळ यायची. पाणी प्यायचं सोडलं मी. पडद्यावर आगीच्या ज्वाळा ओढत होते, झेपावणारा घोडा ओढत होते, आणि लघवी दाबून बसले होते. आमच्या त्या गुळगुळीत चित्रांमागे हे आहे. ज्यांच्या गाड्या रस्त्यावर मिरवल्या त्यांनी ऐकावं.

सोडलं का नाही? लोक विचारतात. विचारणं सोपं आहे.

अंबरनाथला एका दुकानात मी विचारायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "काम दाखव." मी रस्त्यावरच्या एका व्हॅनकडे बोट केलं. तो हसला. "ते तर नितीनचं. मी ओळखतो त्याला. तू हेल्पर का तिथं?" माझी कामं सगळ्या रस्त्यांवर पळत होती आणि एकही माझं नव्हतं. घरात कॉम्प्युटर नाही, ओळखीत कोणाकडे नाही. क्लासवाले बटनं शिकवायचे, मशीन द्यायचे नाहीत. आणि घरात आप्पांच्या पगारावर माझाच टेकू.

आणि खरं सांगते, मला ते काम सोडवत नव्हतं. रेघ बसली की मला सगळं विसरायला व्हायचं. त्यांना हे कळलं होतं. उंदराला सापळ्यात काय ठेवायचं ते सापळा लावणाऱ्याला बरोबर कळतं.

असे दोन दसरे गेले. दोन्ही वेळा मी रंगीत कपडे घालून गेले.

मग तो दिवस. दुपारची वेळ. मी एका सुमोच्या बॉनेटचं काम करत होते. सहज मान वर केली तर काचेपलीकडे आप्पा उभे. वॉचमनच्या खाकी शर्टात. आप्पा कधी दुकानात आले नव्हते. मला वाटलं, पाठवतील आत. आप्पांनी नितीनला काहीतरी विचारलं. नितीननं मान हलवली. आप्पांनी परत विचारलं, हातानं माझी उंची दाखवली. नितीननं परत मान हलवली, नाही. आप्पांनी त्याला हात जोडले. आणि ते वळले.

मी उठले. दार उघडलं. नितीननं हात दाखवला, थांब, कस्टमर आहे. मी थांबले नाही. चपला न घालता रस्त्यावर पळाले. बाजाराची गर्दी, हातगाड्या, कपड्यांचे गठ्ठे. आप्पा मला कोपऱ्यावर सापडले. एका पाटीखाली उभे राहून पाटी वाचत होते. परत परत.

"आप्पा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग अनवाणी पायांकडे.

"तू आहेस होय तिथं?" ते म्हणाले. "मी म्हटलं, संघमित्राला बोलवा. ते म्हणाले, इथं या नावाचं कोणी नाही. मला वाटलं मीच दुकान चुकलो."

आई पॅकिंगच्या कामावर चक्कर येऊन पडली होती. तिला उल्हासनगरच्याच सरकारी दवाखान्यात आणलं होतं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नव्हते, म्हणून आप्पा मला न्यायला आले. बोलता बोलता ते थांबले.

"मग तिथं तुला काय म्हणतात?"

मी सांगितलं.

आप्पा चालायला लागले. थोड्या वेळानं, पुढे बघतच म्हणाले, "माझ्या बापाला नाव होतं. पण गावात त्याला कोणी नावानं हाक मारली नाही. म्हणून तुझं नाव मी एवढं लांब ठेवलं."

आई अजून वॉर्डाबाहेरच व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती. एकटी. सलाईनची बाटली तिच्याच हातात धरायला दिली होती, आणि हात अवघडून खाली यायला लागला होता. नळीत रक्त उलटं चढत होतं. मी बाटली घेतली. ती म्हणाली, "आलीस का? कोणाची तरी वाट बघ, बघ, आणि कोणी येत नाही असं झालं होतं बघ." दुकान त्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि आप्पांना चुकीचा माणूस करून परत पाठवलं होतं.

आई वाचली. ती घरी आल्यावर मी दुकानात गेले.

नितीनला विचारलं, "माझ्या वडलांना नाही का म्हणालास?"

तो गोंधळला. म्हणाला, "ते कोणीतरी वेगळंच नाव घेत होते. पूजाला विचारलं असतं तर बोलावलं असतं ना."

"माझं नाव काय?"

"पूजा."

"माझं नाव काय, नितीन?"

तो खोटं बोलत नव्हता. आम्ही एका छपराखाली वर्षानुवर्षं काम केलं, माझ्या कामावर त्याचं नाव झालं, आणि त्याला माझं नाव खरोखरच माहीत नव्हतं. म्हातारीनं पेढा वरून टाकला तेव्हा निदान तिला कळलं होतं मी कोण आहे. इथं तर मी कोणीच नव्हते. माझा बाप येऊन मला शोधायला लागला तरी सापडणार नाही अशी मला पुसली होती. सॉफ्टवेअरमध्ये नको ती वस्तू फोटोतून पुसतो ना आपण, आणि मागचा रंग त्या जागी भरतो. कोणाला कळतही नाही तिथं काही होतं. तशी.

आणि मी पुसू दिलं, कारण मला खुर्ची दिली होती.

बाहेर एक नवरा-बायको व्हॅन घेऊन आले होते. शेठ गल्ल्यावर. मी साबणाच्या पाण्याची बाटली घेतली, केबिनमध्ये गेले आणि काचेवर आतून पाणी मारलं. कोपऱ्यात कटरचं ब्लेड घातलं. नखानं टोक धरलं. ओढलं. सोलायचंच काम मी आधी शिकले होते. फिल्म करकरत निघाली, अंगावर आली.

"अडे! क्या कर रही है?" शेठ धावत आले.

"उजेड येऊ दे, शेठ."

"पागल हुई है? वो तेरे भले के लिए लगाया था! कस्टमर पूछता है, कौन है, क्या है. मैं किस किस से झगडा करूँ?"

"झगडा मत करो," मी म्हटलं. "मेरा नाम बोलो, बस."

व्हॅनवाली बाई काचेतून माझ्याकडे बघत होती. मी बाहेर आले. तिला म्हटलं, "ताई, तुमच्या गाडीचं चित्र मी काढणार आहे. हा नाही. माझं नाव संघमित्रा." आणि आडनाव सांगितलं. सावकाश सांगितलं, ऐकू जाईल असं.

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं घड्याळाकडे. म्हणाला, "आम्ही नंतर येतो." आणि गेले.

शेठनी कपाळाला हात लावला. "देखा? देखा तूने?"

"देखा," मी म्हटलं. चपला घातल्या आणि निघाले.

पुढं सगळं चांगलं झालं असं सांगायला मी बसलेले नाही. कॅम्प दोनमध्ये बातमी पसरली, मुलगी डोक्यानं फिरलेली आहे. कोणी उभं केलं नाही. फार दिवस मला मशीन दिसलं नाही. मी ब्रशवर आले. अंबरनाथला टेम्पोवर नंबर रंगवले, रिक्षांच्या मागे अक्षरं काढली, उन्हात गुडघ्यांवर बसून. हातात माउस नसला तरी बोटं मांडीवर वळणं ओढायची. मग एका क्लासवाल्यानं दुपारची रिकामी मशीनं वापरू दिली, बदल्यात मी त्याच्या मुलांना शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "मुलांना काय सांगू, कोण मॅडम?" मी पूर्ण नाव फळ्यावर लिहिलं. दोन पालकांनी मुलं काढली. बाकीची राहिली.

आता अंबरनाथला एका गल्लीत माझं दुकान आहे. कापायचं मशीन जुनं आहे, मधेच रुसतं. केबिन नाही. मी रस्त्याकडे तोंड करून बसते. आडनाव अजून विचारतात. गोड बोलून विचारतात, गाव कुठलं, कुलदैवत कोणतं. काही ऐकून घेतात आणि बसतात. काही नंतर येतो म्हणतात. ते नंतर येत नाहीत, हे मला माहीत आहे.

प्रत्येक गाडीच्या डिझाइनमध्ये, मागच्या दारापाशी, माझं पूर्ण नाव असतं. वेगळं चिकटवत नाही. जे वळण दारावरून जातं त्याच वळणाच्या रेघेतून अक्षरं काढते, एकसंध. नाव ओढलं तर सगळी लाट फाटून येते.

परवा एक जण नवी गाडी घेऊन आला. पडद्यावर पाहिलं, खूश झाला. मग बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं ठेवा. हे नाव तेवढं काढा. बरं नाही दिसत."

मागे माणसं उभी होती. काम मला हवं होतं. मी माउसवरचा हात काढला.

"नावासकट न्यायचं असेल तर बसा," मी म्हटलं. "नाहीतर गाडी पुढे घ्या. मागच्याला जागा द्या."